मगदूम मॅडमचा बाटलीचा तास

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आई आजऱ्यात काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. काजूच्या टरफलात काळा चीक असतो. तो कातडीला लागला की भाजल्यासारखं होतं आणि दोन दिवसांनी साल निघतं. बायका हाताला चुलीतली राख चोळून कामाला बसायच्या, तरी बोटं काळी पडायचीच. लग्नकार्यात आई हात पदराखाली घेऊन बसायची. कुणी हळदी-कुंकू लावायला आलं की कपाळ तेवढं पुढं करायची. वडील भाताच्या गिरणीत पोती उचलायचे आणि पाठ धरली की आठ-आठ दिवस पडून असायचे. ते दिवस आम्ही पातळ कण्यांवर काढले आहेत. थोरल्या भावाची शाळा सातवीत सुटली, मधल्याची नववीत. मी बारावी सायन्स पास झाले तेव्हा मामा आईला म्हणाला, "आता बास की आक्का, पोरगीला आणि किती शिकवतीस?" आई म्हणाली, "तिचं हात मी चिकात घालणार न्हाय." त्या एका वाक्यावर मी कोल्हापूरला आले.

पहिल्या वर्षी रसायनशास्त्र मला जमत नव्हतं. सगळं इंग्रजीत, आणि शेजारी बसलेल्या मुली माना हलवायच्या म्हणून मीही हलवायची. आमच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं की जो कुणी पंचवीस गणितं सोडवून आणेल त्याला आठ मार्क जादा. मी पन्नास नेली. सरांनी पहिल्या दहांवर सही केली आणि बाकीची नुसती चाळली, पण आठ मार्क दिले. त्या आठ मार्कांनी मी पहिलं वर्ष पास झाले, नाहीतर परत आजरा होताच. पुढं एम.एस्सी. झाले, नेटची परीक्षा दिली, कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. हे सगळं आधी सांगते आहे, कारण मला पद्मजा मगदूमबद्दल लिहायचं आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात वीस वर्षं जे होतं ते इथून आलेलं होतं. मी तिच्यावर जळत होते. छापायला याहून बरे शब्द आहेत, मला ठाऊक आहेत, पण जे होतं ते हेच होतं.

पाच आठवड्यांपूर्वी ती गेली. मी सुट्टीला आजऱ्यात आईकडं होते. सकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या सहायकाचा फोन आला, "मॅडम, मगदूम मॅडम गेल्या..." आई पलीकडं तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "कोण गेलं गं?"

"माझ्यासंगं शिकवायची ती."

"मैतरीण व्हय तुझी?"

मी "व्हय" म्हटलं. ती जिवंत असताना हे मला कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता.

पद्मजा आणि मी एकाच वर्षी विभागात रुजू झालो. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. ती जैन घरातली, शिरोळकडची. आजोबा शाळेत हेडमास्तर, वडील शेतकीचे पदवीधर, आई बी.ए. लग्नानंतर राजारामपुरीत राहायची. घरात पुस्तकांची दोन कपाटं, दारात गाडी. हे सगळं तिला कधी मिरवावं लागलं नाही, कारण ते तिला दिसतच नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. मी पहिल्या दिवशी नवी साडी नेसून, टिपणं पाठ करून आले होते. ती दहा मिनिटं उशिरा आली, केसाला क्लिप न लावता, आणि वर्गात शिरल्या शिरल्या विचारलं, "आज घरातनं निघताना कुणाकुणाला आईनं लिंबू पिळून सरबत दिलं? मग त्यात साखर आधी घातली का लिंबू?" त्यावरून चाळीस मिनिटं. मला हे भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. त्या दिवशी माझा धडा संपला, तिचा सुरूसुद्धा झाला नव्हता.

खरं सांगायचं तर ती शिस्तीची बाई नव्हती. वीस वर्षांत तिनं एकदाही अभ्यासक्रम वेळेवर संपवला नाही. हजेरीपत्रक हरवायची, पेपर तपासायला घरी न्यायची आणि त्यांवर चहाचे डाग पाडून आणायची. तिच्या तुकडीचा निकाल कायम माझ्या तुकडीच्या खाली. दरवर्षी निकाल लागला की मी दोन्ही आकडे मनात शेजारी ठेवायची आणि चार दिवस बरं वाटायचं. मग शनिवार उजाडायचा.

आमच्या विभागात पहिल्या वर्षासाठी अशी पद्धत होती की अंतर्गत गुणांत पाच मार्क 'जादा कामा'चे. काय जादा काम द्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. मी माझ्या सरांचीच वाट धरली, पंचवीस गणितांचा संच, सोडवा आणि पाच मार्क घ्या. पद्मजानं वेगळंच काढलं. तिनं मुलांना सांगितलं, घरातनं एका बाटलीत काहीतरी पातळ घेऊन या आणि त्याबरोबर एक प्रश्न आणा. प्रश्न स्वतःचा पाहिजे, पुस्तकातला चालणार नाही. शनिवारी सकाळी नऊला प्रयोगशाळा उघडी ठेवायची आणि पोरं बाटल्या घेऊन यायची. विहिरीचं पाणी, गुऱ्हाळावरचा उसाचा रस, म्हशीचं दूध, कुणाच्या बापाचं बॅटरीचं पाणी. जोतिबाच्या डोंगरावर ज्यांचं दुकान आहे अशा घरातली एक मुलगी गुलाल पाण्यात कालवून घेऊन आली. तिचा प्रश्न, "मॅडम, चैत्रात माणसं गुलालात न्हातात, अंगावरचा जातोय, कापडावरचा का जात न्हाय?" पोरांनीच त्याला 'बाटलीचा तास' असं नाव पाडलं आणि पद्मजानं तेच बोर्डावर लिहिलं. प्राचार्यांनी एकदा पद्मजाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, बोर्डावर दुसरं काहीतरी लिहा हो, बाहेर लोक काय समजतील." तिनं लिहिलं नाही.

त्या तासाला आधी तिच्याच तुकडीची पोरं यायची, मग माझ्या तुकडीची यायला लागली. माझे संच मात्र... काय सांगू. साठातले पंचेचाळीस संच एकाच वहीवरून उतरलेले असायचे. सोळाव्या गणितात एकानं चुकून दशांश चिन्ह घसरवलं की पंचेचाळीस जणांचं घसरलेलं. एका बहाद्दरानं तर शेवटच्या पानावर मित्राचं नावसुद्धा तसंच उतरवून आणलं होतं. मी त्याला उभं केलं तर म्हणाला, "मॅडम, पाच मार्कासाठी एवढंच होतंय." बाकीचे जे पंधरा जण मनापासून सोडवायचे, ते तसेही पास होणारे होते. ज्यांना पाच मार्कांची गरज होती ते संचाला हात लावत नव्हते. मी हे बघत होते, मला कळत होतं, पण माझ्या डोक्यातून माझे आठ मार्क जात नव्हते. मी त्या मार्कांवर उभी होते. मार्कांची मला गरज नाही असं म्हणणाऱ्यांच्या घरात आधीच कुणीतरी पदवीधर असतो, असं मी स्टाफरूममध्ये पद्मजाला तोंडावर म्हटलं होतं. ती म्हणाली, "खरं हाय की गं." आणि डब्यातली थालीपीठं पुढं केली. भांडायलासुद्धा उपयोगाची नव्हती ती.

मला सगळ्यात लागायचं ते हे की तिच्याकडं जाणारी पोरं माझ्यासारखी होती. ज्यांची आई कारखान्यात जाते, बाप गाडी ओढतो, घरात पहिलंच शिकणारं माणूस... त्यांना ओळखायचा हक्क माझा, असं मी धरून चालले होते. मी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होते. मी त्यांना मार्क मिळवायची वाट दाखवत होते. आणि ती माझ्यासमोरून बाटली घेऊन शेजारच्या दारात शिरत होती.

चार वर्षांपूर्वी माझ्या तुकडीत अश्विनी नावाची मुलगी आली. दाखल्यावर गाव वाचलं तर आजऱ्याशेजारचं. आई काजूच्या कारखान्यात. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं, सांगितलं, "मी पण तिथलीच हाय. तुझ्या आईसारखीच माझी आई. पाच मार्क सोडू नकोस, संच सोडवून आण, अडलं तर विचार." ती मान खाली घालून "व्हय मॅडम" म्हणाली आणि गेली. संच आला नाही. एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं, "आणतो मॅडम, आणतो" एवढंच. पहिल्या चाचणीत तिला जेमतेम तिसरा हिस्सा मार्क. नापास झाली तर परत न्यायची, अशी तिच्या चुलत्यांनी अट घातली होती, हे तिच्या मैत्रिणीकडून मला कळलं. ही मुलगी मला पास करायचीच होती.

मग एका शनिवारी मी प्रयोगशाळेवरून जात होते आणि दारातून अश्विनीचा आवाज आला. वर्गात जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता ती मुलगी मोठ्यानं बोलत होती. खोकल्याच्या औषधाची बाटली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, आत काळं दाट काहीतरी. मी बघितल्या क्षणी ओळखलं. ती म्हणत होती, "मॅडम, हा काजूचा चीक हाय. ह्यानं माझ्या आईचं हात जळत्यात. राख लावली की कमी जळत्यात. का?"

पद्मजानं तो चीक कधी पाहिलेला नव्हता. तिनं झाकण काढून सरळ बोट लावलं. अश्विनी ओरडली, "अगं बाई मॅडम, नको की!" सगळी पोरं हसली. नंतर आठवडाभर पद्मजा ते फोड आलेलं बोट स्टाफरूममध्ये ज्याला त्याला दाखवत होती. त्या दिवशी त्यांनी चीक स्पिरिटमध्ये विरघळवला, त्यात लिटमसचा निळा कागद बुडवला, तो लाल झाला. राखेचं पाणी गाळून त्यात लाल कागद बुडवला, तो निळा झाला. अश्विनी दोन कागद हातात धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आई रोज हेच करती..." पद्मजा म्हणाली, "रोज करती. चल, आता राख किती लागती ते मोजू या." आणि थेंब मोजून सोडायच्या ज्या काचेच्या नळीला, ब्युरेटला, ती मुलगी माझ्या प्रॅक्टिकलला हात लावायला घाबरत होती, तिचा नळ तिनं स्वतः सोडला.

मी दाराबाहेर उभी होते. तो प्रश्न माझा होता. मी त्या राखेत वाढले, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, आम्ल आणि अल्कली सोळा वर्षं शिकवली, आणि माझ्या आईच्या हाताला राख का लावतात हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. तो प्रश्न शिरोळच्या, गाडीवाल्या, केस मोकळे सोडणाऱ्या बाईच्या टेबलावर जाऊन पडला. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढं मी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विभागाच्या बैठकीत मी मुद्दा काढला. बाटलीच्या तासाची कुठं नोंद नाही, अभ्यासक्रमाशी संबंध नाही, दुसऱ्याच्या तुकडीतल्या मुलांना मार्क कसे द्यायचे, उद्या कुणी तक्रार केली तर? सगळे मुद्दे बरोबर होते. बरोबर होते म्हणूनच मला ते मांडायला सोपं गेलं. विभागप्रमुखांनी पद्मजाकडं पाहिलं. ती म्हणाली, "ठीक आहे, पुढच्या सत्रापासून बंद करते मार्क देणं." मी म्हणाले, "नियम तो नियम. याच सत्रापासून." विभागप्रमुखांना बैठक संपवायची होती, त्यांनी मान हलवली. अंतर्गत गुणांची यादी भरायचं काम माझ्याकडं होतं. अश्विनीच्या नावापुढं पद्मजानं पेन्सिलीनं पाच लिहिले होते. मी ते खोडरबरनं पुसले आणि पेनानं शून्य काढलं. पास व्हायला चाळीस लागत होते. अश्विनीला सदतीस पडले.

मार्क बंद झाल्यावर त्या तासाचं काय होतंय ते बघायला मी पहिल्या शनिवारी मुद्दाम थांबले. आधी चाळीसेक पोरं असायची. काचेतून मोजली तर नऊ. मला वाटलं होतं, एकही नसेल. एकतीस पोरं मार्कांसाठी येत होती, म्हणजे माझं म्हणणं एकतीस वेळा खरं ठरलं होतं. तरी मला ते नऊ दिसत होते. पुढच्या शनिवारी परत नऊ. त्यांतली एक अश्विनी, नापास झालेली, मार्क मिळणार नाहीत हे माहीत असलेली, चिकाचे फोड येऊ नयेत म्हणून हातात दोन-दोन मोजे घातलेली. माझ्या पंचवीस गणितांचे पाच मार्क तसेच चालू होते आणि पंचेचाळीस पोरं तसंच उतरवून आणत होती.

निकालानंतर दहा दिवसांनी पद्मजा माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, आता विचारेल. तिनं पेन्सिलीच्या पाचाचं काही काढलं नाही. म्हणाली, "शोभा, अश्विनीचे चुलते तिला न्यायला येणार आहेत. आपणच रविवारी जाऊन येऊ या का? माझ्या गाडीनं. रस्ता तू दाखव."

शनिवारी अश्विनीचा मला फोन आला. "मॅडम, आई विचारतीया, मोठ्या मॅडमना मटण चालतंय न्हवं?" मोठ्या मॅडम म्हणजे पद्मजा. वयानं मी मोठी, गाव माझं, फोन मला, आणि मोठ्या मॅडम ती. पद्मजा शाकाहारी आहे, सूर्य मावळल्यावर जेवत नाही, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी म्हटलं, "चालतंय की."

पोचायला आम्हाला दुपारचे चार वाजले. ओसरीवर एकच खुर्ची होती, ती पद्मजाला दिली. मी जोत्यावर. आतून तांबड्या रश्श्याचा वास येत होता. ताटं आली, आणि पद्मजानं हात जोडले, "ताई, रागावू नका, मी जैन हाय. मला नुसता भात आणि ताक द्या." अश्विनीच्या आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "अगं बया! आणि मी सकाळपास्नं..." ती आत पळाली. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं हे कळल्यावर तर अख्ख्या घराची तारांबळ उडाली. कुणी पीठ मळतंय, कुणी शेजारून वांगी आणतंय, सासू म्हणतेय, "वेगळी भांडी घ्या गं, वेगळी भांडी." पाऊण तासात वांगं, पिठलं, भाकरी आणि आजऱ्याचा वासाचा तांदूळ पद्मजापुढं आला. अश्विनीची आई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि प्रत्येक घासाला, "घ्या की मोठ्या मॅडम, अजून घ्या की." माझ्या ताटात कोण काय वाढतंय इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिला खाली बघायला लावायला गेले आणि तिला देव्हाऱ्यात बसवून आले.

मग चुलते बोलले. "पोरगी नापास झाली, तवा आमी न्हेतो. असं ठरलंतं." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मोठ्या मॅडम, तुम्ही काय म्हणता?"

पद्मजानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पावणं, मला विचारू नका. माझी पोरं येतात, खेळतात, प्रश्न विचारतात आणि निम्मी नापास होतात. पास करणारी बाई ही बसलीय जोत्यावर. हिची आई ह्याच कारखान्यात होती. हिला विचारा."

सगळे माझ्याकडं वळले. अश्विनीची आई हात पदराखाली घेऊन बसली होती. मी एवढंच म्हटलं, "तीन मार्क कमी पडलेत. ती परीक्षा परत देता येती. मला सहा महिने द्या. न्हाय पास झाली तर मी स्वतः आणून सोडते." ते तीन मार्क कुठं गेले हे मी सांगितलं नाही. पद्मजाला ते माहीत होतं आणि ती ताकात बोट घालून माशी काढत होती.

परतताना गडहिंग्लज ओलांडल्यावर ती म्हणाली, "मटणाचं तुला माहीत होतं ना?"

"व्हय."

"कसं होतं गं?"

"लई झणझणीत."

ती एवढी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. मला हसू आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात म्हणत होते, ही मला रागसुद्धा धड येऊ देत नाही.

सहा महिने दर शनिवारी आठ ते नऊ मी अश्विनीला घेऊन बसले. गणितं. पण या वेळी मी पुस्तकातून सुरुवात केली नाही. तिच्या त्या राखेच्या प्रयोगाच्या वहीतले आकडे घेतले. किती राख, किती पाणी, किती थेंब, आणि त्यावरून मोलॅरिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता. पंधरा दिवसांत ती स्वतः गणितं तयार करायला लागली. नऊला घड्याळ बघायची आणि म्हणायची, "मॅडम, जातो, तास सुरू व्हईल." मी "जा" म्हणायची. ती गेली की मी तिथंच बसून राहायची आणि भिंतीपलीकडचं ऐकायची. परीक्षेत ती बासष्ट मार्कांनी सुटली. चुलत्यांनी पद्मजाला फोन करून आभार मानले.

गेल्या वर्षी पद्मजा आजारी पडली. आधी रजा, मग मोठी रजा. शेवटचं भेटायला गेले तेव्हा राजारामपुरीतल्या घरी, समोरच्या खोलीत पलंगावर उशाला टेकून बसली होती. केस गेलेले, डोक्याला सुती ओढणी. खाली रस्त्यावर क्लास सुटल्याचा गोंगाट चालला होता. ती म्हणाली, "तुझ्या तुकडीचा निकाल यंदापण माझ्या वर?"

"व्हय."

"दरवर्षी जळायची मी तुझ्यावर त्या दिवशी." मग जरा थांबून, दम घेऊन म्हणाली, "तू शनिवारी भिंतीपलीकडं बसायचीस ना? मला खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. म्हणून मी मोठ्यानं बोलायची."

"मग आत बोलवायचंस की."

"बोलावलं असतं तर आली असतीस?"

नसते आले. तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "थालीपीठ करून आण एकदा. तुझ्या हातचं कधी खाल्लंच नाही." मी पुढच्या आठवड्यात नेणार होते...

आता तिचं कपाट रिकामं करून द्यायचं आहे, नवीन शिक्षक येणार आहेत. खालच्या कप्प्यात वह्या असतील असं मला वाटलं होतं. बाटल्या निघाल्या. धुतलेल्या, रिकाम्या, दीडेकशे तरी असतील. प्रत्येकीला चिकटपट्टीवर तिच्या घाणेरड्या अक्षरात मुलाचं नाव आणि त्याचा प्रश्न. 'गुलाल का जात नाही.' 'आजीच्या विहिरीच्या पाण्यात डाळ का शिजत नाही.' हजेरीपत्रक हरवणाऱ्या बाईनं एकही बाटली हरवलेली नव्हती. मी त्या टाकल्या नाहीत. कपाट मी माझ्या नावावर करून घेतलं आहे आणि नवीन शिक्षकांना माझं दिलं. शनिवारी प्रयोगशाळा मी उघडते. पोरं येतात, सात-आठ. मी त्यांना आधी दोन गणितं घालते, मग बाटली उघडू देते. माझ्यासारखी मी, मला तिच्यासारखं नाही जमत. पोरं आपसांत अजून 'मगदूम मॅडमचा तास' असंच म्हणतात, आणि मला ते अजून लागतं.

मागच्या शनिवारी अश्विनी आली. हातात गुणपत्रक. तिनं ते मला दिलं आणि कपाटाकडं बघत उभी राहिली. पोरं बाटल्या घेऊन बाजूला झाली. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"अश्विनी, पहिल्या वर्षी तुझे पाच मार्क मी काढले होते. ते असते तर तू तेव्हाच पास होतीस."

"ठावं हाय की मॅडम."

"कुणी सांगितलं?"

"मगदूम मॅडमनी. तवाच. मी लई रडलो हुतो. तवा म्हणाल्या, जाधव मॅडमनी पाच काढलेत न्हवं, आता त्यांच्याकडनं पन्नास घे. त्यांच्याइतकं कुणाला शिकवायला येत न्हाय." मग ती हसली. "म्हणून तर तुमच्याकडं आठाला येत हुतो."

मी गुणपत्रक परत एकदा वाचलं, मोठ्यानं, समोरच्या पोरांना ऐकू जाईल असं. अश्विनी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. त्यांच्या घरात ती पहिली.